वाचकांचे प्रश्न : एका दुचाकीवर दोघे, श्रीलंकेच्या उन्हात

एप्रिल 2025 मध्ये माझे पती आणि मी भाड्याच्या 125 सीसी मोटारसायकलवरून 19 दिवस श्रीलंकेत फिरलो. नेगोंबोहून निघून अनुराधपुरा, जाफना, त्रिंकोमाली, कँडी, एल्ला, तंगाल्ले आणि गॉल करत पुन्हा नेगोंबोला पोहोचेपर्यंत सुमारे 1,450 किलोमीटर अंतर झाले. या सदरात त्या प्रवासाचा ओझरता उल्लेख आल्यापासून बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघे तिशीतले आहोत. विमानभाडे सोडून 70 हजार भारतीय रुपयांत मोटारसायकलवरून श्रीलंका पाहण्याचा विचार आहे. रजा दहाच दिवसांची मिळेल, म्हणून रोज 200 ते 250 किलोमीटर चालवून संपूर्ण बेटाला फेरी मारायची, म्हणजे मुक्काम आणि खर्च दोन्ही कमी होतील, असा आमचा हिशेब आहे. तो बरोबर आहे का?

उत्तर : आपली रक्कम पुरेशी आहे, परंतु किलोमीटरचा हिशेब मला पटत नाही, आणि त्याचे कारण आमच्याच खर्चाच्या वहीत सापडते. आम्ही गेलो तेव्हा एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळत होते, आणि 92 ऑक्टेन पेट्रोल लिटरला 300 श्रीलंकन रुपयांच्या आसपास होते. दोघांचे वजन आणि सामान असूनही आमची गाडी लिटरमागे सुमारे 45 किलोमीटर चालली, त्यामुळे संपूर्ण प्रवासाचे पेट्रोल दहा हजार श्रीलंकन रुपयांच्या आतच बसले. याउलट गाडीचे भाडे दिवसाला 3,000, पंख्याची साधी खोली 4,500 ते 5,000 आणि दोघांचे जेवणखाण साधारण 3,500 श्रीलंकन रुपये, असा रोजचा खर्च होता. म्हणजे पेट्रोल ही खर्चाची सर्वांत लहान बाब आहे, आणि खर्च वाढतो तो थकव्यामुळे.

आम्ही ज्या दिवशी पहाटे निघून शंभर किलोमीटरच्या आत थांबलो, त्या दिवशी अकराच्या सुमारास मुक्कामाच्या गावी होतो. तीन ठिकाणच्या खोल्या पाहून, घरमालकिणीशी दोन गोष्टी बोलून, दोन रात्री राहत असल्यास भाडे कमी कराल का, असे विचारण्याइतके त्राण अंगात होते. ज्या दिवशी दोनशे किलोमीटरच्या पुढे गेलो, त्या दिवशी संध्याकाळी पहिल्या दिसलेल्या वातानुकूलित खोलीत सांगतील त्या भाड्याला, म्हणजे जवळजवळ दुप्पट पैसे मोजून, आम्ही अक्षरशः आडवे झालो. वाटेत थंड बाटल्यांवर पैसे गेले ते वेगळेच, आणि दुसरा दिवस उठण्यातच गेला. जाफन्याहून त्रिंकोमालीला एका दिवसात जाण्याची चूक आम्ही केली. सुमारे 235 किलोमीटरच्या त्या एका टप्प्याने आमचे तीन दिवसांचे अंदाजपत्रक खाल्ले.

म्हणून दहा दिवस असतील तर अर्धेच बेट निवडावे, आणि कोणते अर्धे ते पावसावरून ठरवावे. हे बेट दक्षिणोत्तर 430 किलोमीटरच्या आसपास लांब आणि रुंदीला त्याच्या निम्मे असले, तरी त्याला दोन वेगळे मोसमी पाऊस मिळतात. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, गॉल आणि डोंगरांच्या पश्चिम उतारांवर पडतो, तर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस जाफना, त्रिंकोमाली आणि पूर्व किनारा भिजवतो. मधला ऑक्टोबर-नोव्हेंबर दोन्हीकडे अनिश्चित असतो. आपली रजा जानेवारी ते मार्चमध्ये असेल तर नेगोंबो, कँडी, एल्ला, तंगाल्ले, गॉल अशी दक्षिणेची फेरी करावी. ती जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर अनुराधपुरा, त्रिंकोमाली, पोलोन्नरुवा आणि हबरणा हा भाग घ्यावा, फक्त त्या दिवसांत पूर्वेकडे डोंगर ओलांडून येणारा कोरडा, तापलेला वारा वाहतो, हे ध्यानात असू द्यावे. नोव्हेंबर 2025 मधील दित्वा चक्रीवादळाने डोंगराळ भागात दरडी कोसळून रस्त्यांची मोठी हानी झाली, त्यामुळे कँडीच्या वर जाण्यापूर्वी त्या-त्या घाटाची सद्यःस्थिती स्थानिकांना विचारून घ्यावी.

एप्रिलमध्ये जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना द्यावीशी वाटते. 13 आणि 14 एप्रिलला सिंहली व तमिळ नववर्ष असते. त्या आधी-नंतरचे काही दिवस लहान गावांतील खाणावळी आणि गॅरेजे बंद असतात, तर नुवारा एलियामध्ये हंगाम ऐन भरात असल्याने खोल्यांचे दर चढतात. आम्ही त्या दोन दिवसांत एकाच गावी राहिलो, आणि यजमानांच्या घरचा नारळाच्या दुधातील किरिबत, म्हणजे दूधभात, आम्हाला आग्रहाने वाढला गेला.

प्रश्न : आम्ही विदर्भातले आहोत आणि 46 अंशांत दुचाकी चालवण्याची आम्हाला सवय आहे. श्रीलंकेत तापमान 32-33 अंशांच्या वर फारसे जात नाही असे वाचले. मग तेथील उन्हाची इतकी भीती कशासाठी?

उत्तर : हा प्रश्न फार चांगला आहे, कारण यातच बहुतेकांची फसगत होते. आपल्याकडे नागपुरात कूलर उत्तम चालतो आणि मुंबईत तोच कूलर खोली केवळ दमट करतो, हे आपण जाणता. आपले शरीरही कूलरप्रमाणेच काम करते. घाम वाळतो तेव्हा तो अंगातील उष्णता घेऊन जातो, आणि हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. तापमान 32 अंश आणि आर्द्रता 75 टक्के असेल, तर शरीराला ते 42 अंशांच्या आसपास भासते. शिवाय विदर्भातील कोरड्या उन्हात सावलीला गेल्यावर जो आराम मिळतो, तो किनाऱ्यावरील श्रीलंकेत पुरेसा मिळत नाही, आणि रात्रीही पारा फारसा उतरत नसल्याने दिवसाचा ताण झोपेत पुरता निघून जात नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक गळून गेल्यासारखे वाटते ते या साठलेल्या ताणामुळे.

दुचाकीवर याची जाणीव आणखी उशिरा होते. गाडी चालू असताना वाऱ्याने घाम टिपला जातो, अंग कोरडे वाटते, आणि आपल्याला घामच येत नाही असा समज होऊन पाणी पिण्याचे राहून जाते. प्रत्यक्षात शरीरातील पाणी तासागणिक कमी होत असते. गाडी थांबवताच अंगावर धारा लागतात, तेव्हा कळते. तहान लागल्यावर पाणी पिण्याऐवजी घड्याळाकडे पाहून पाणी पिण्याची सवय आम्हाला जाणीवपूर्वक लावावी लागली, आणि लघवीचा रंग गडद दिसला की पुढचा टप्पा रद्द, असा नियमच आम्ही केला.

तेथे रस्तोरस्ती केशरी सालीचे शहाळे मिळते, त्याला थंबिली म्हणतात. ते अवश्य प्यावे, परंतु त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते. घामावाटे गेलेले मीठ भरून काढण्यास तेवढेच पुरत नाही, म्हणून दिवसातून एकदा तरी क्षारसंजीवनी घ्यावी. तेथील औषधांच्या दुकानांत ती ‘जीवनी’ या नावाने मिळते. ती जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हे आपल्याकडचे प्रमाण तेथेही तितकेच उपयोगी पडते.

पाच ते पंधरा एप्रिलच्या दरम्यान सूर्य श्रीलंकेच्या वेगवेगळ्या अक्षांशांवर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत झाडाची सावली झाडाच्या बुंध्याशीच गोळा होते, हे मी अनुराधपुऱ्याच्या रस्त्यावर पाहिले. आम्ही साडेपाचला निघून साडेदहाला गाडी बंद करत असू. उरलेला दिवस घालवण्यास तेथील तलावांसारखी जागा नाही. अनुराधपुऱ्याचे तिस्स वेव, नुवर वेव हे प्राचीन राजांनी बांधलेले जलाशय आजही शेतीला पाणी देतात. तेथील जलाशयांच्या आणि नद्यांच्या काठी कुंबुक नावाचे विशाल वृक्ष असतात. हा कुंबुक म्हणजे आपला अर्जुनसादडाच. त्याच्या पांढुरक्या खोडाला टेकून आम्ही घालवलेल्या दुपारी या प्रवासातील सर्वांत सुखाच्या होत्या, आणि त्यांना एक पैसाही लागला नाही.

प्रश्न : यजमानांना मोटारसायकल चालवण्याची अतिशय हौस आहे आणि मी मागे बसणार आहे. मला कंबरेचा थोडा त्रास आहे. सर्व सल्ले चालवणाऱ्यालाच दिलेले असतात. मागे बसणाऱ्या बाईने काय करावे, हे कोणी सांगत नाही. आपण सांगाल का?

उत्तर : ताई, आपले पत्र वाचून मी थोडा वेळ थांबले, कारण मीही मागेच बसले होते, आणि जाण्यापूर्वी हाच प्रश्न मलाही कोणाला तरी विचारायचा होता.

चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यात गुंतलेले असते, त्याला हँडलचा आधार असतो, खड्डा आधी दिसतो आणि तो अंग सावरून घेतो. मागे बसणारीला खड्डा बसल्यावरच कळतो. तिच्यासमोर हेल्मेट असते, वारा अडलेला असतो, आणि पायाशी सायलेन्सर असतो. त्यामुळे त्याच गाडीवर, त्याच उन्हात ती साधारणपणे त्याच्या आधी थकते. दिवसाचे अंतर तिच्या ताकदीवरून ठरावे, त्याच्या हौशीवरून नव्हे, हे मी पहिल्या चार दिवसांत पुरती किंमत मोजून शिकले.

झाले असे, की मेदवच्चियाहून जाफन्याकडे जाणाऱ्या ए-9 महामार्गावर आम्ही उशिरा निघालो आणि वावुनियाच्या पुढे भर दुपारी सापडलो. हा कँडी-जाफना रस्ता युद्धकाळात वर्षानुवर्षे बंद होता आणि 2009 नंतर सर्वांसाठी खुला झाला. आता तो उत्तम, सरळ आणि रुंद आहे, परंतु दोन्ही बाजूंना विरळ झुडपे असल्याने सावली जवळजवळ नाही. मी बोलणे थांबवले होते. पतींना वाटले, मी प्रदेश न्याहाळण्यात रमले आहे. वास्तविक माझे डोके ठणकत होते, मळमळत होते आणि पुढची किलोमीटरची पाटी वाचून तिचा अर्थ लावणे मला जमत नव्हते. मुरिकंडी येथे रस्त्याच्या कडेलाच पिल्लैयारचे, म्हणजे आपल्या गणपतीचे, मंदिर आहे. त्या रस्त्याने जाणारी प्रत्येक बस आणि ट्रक तेथे थांबतो, चालक नारळ फोडतात आणि मग पुढे जातात. सगळे थांबत होते म्हणून आम्हीही थांबलो, आणि गाडीवरून उतरताना माझा तोल गेला. तेथील शेंगा विकणाऱ्या आजींनी काही न विचारता माझ्या डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतला, मानेवर ओले फडके ठेवले आणि सावलीत बसवले. अर्ध्या तासाने मी सावरले. त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना. ते पाणी मी विसरणार नाही.

त्या दिवसापासून आम्ही दोन नियम केले. पहिला असा, की दर पंधरा मिनिटांनी मागच्याने एक पूर्ण वाक्य बोलायचे. बोलणे थांबले किंवा वाक्य अडखळले, की गाडी थांबलीच पाहिजे. दुसरा असा, की खांद्यावर एकदा थोपटले तर हळू आणि दोनदा थोपटले तर थांबा, आणि दोनदा थोपटल्यावर ‘का?’ असे विचारायचे नाही. हा दुसरा नियम आपण यजमानांकडून निघण्यापूर्वीच कबूल करून घ्यावा. पुढचे गाव दहाच किलोमीटरवर आहे, या वाक्यापायी किती भांडणे आणि किती दुखणी ओढवतात, हे दुचाकीवरून फिरलेल्या कोणत्याही बाईला विचारावे.

कंबरेसाठी काही गोष्टी प्रत्यक्ष उपयोगी पडल्या. पाठीवर सॅक घेऊन कधीही बसू नये, कारण तिचे सारे वजन प्रत्येक खड्ड्यागणिक मणक्यावर आदळते. सामान दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत, शक्य तितके खाली आणि पुढे असावे. आपल्या मागे कॅरिअरवर जड बोजा बांधला तर चढावर पुढचे चाक हलके पडते. दोन्ही पाय दोन बाजूंना टाकूनच बसावे, पाय फूटरेस्टवर घट्ट रोवावेत, आणि खड्डा येताना यजमानांनी सांगितले की पायांवर भार देऊन किंचित उठावे. ब्रेक लागताना एक हात मागच्या दांडीला धरला तर अंग पुढे कोसळत नाही. दर चाळीस मिनिटांनी उतरून चालावे. उतरताना डाव्या बाजूनेच उतरावे, कारण बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि पोटरीला बसलेला चटका त्या दमट हवेत लवकर बरा होत नाही. बाह्या पूर्ण असलेला, सैल सुती कुडता उघड्या हातांपेक्षा थंड ठेवतो, आणि मंदिरांत व स्तूपांच्या आवारात खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात, त्यामुळे तोच पोशाख तेथेही चालतो. गळ्याभोवती ओला रुमाल मी रोज बांधत असे. मात्र किनाऱ्यावरील दमट हवेत त्याचा गारवा लवकर सरतो, कोरड्या उत्तरेत तो खरा उपयोगी पडतो.

गाडी निवडतानाही आपण स्वतः मागे बसून पाहावे आणि मगच भाडे ठरवावे. ज्या दुकानातून आम्ही गाडी घेतली, तेथे पतींनी इंजिन, दिवे, ब्रेक सगळे तपासले, पण मागच्या टायरकडे नीट पाहिले नाही. मातलेच्या पुढे पहिल्या पावसात वळणावर गाडीचा मागचा भाग सरकला, तो मला आधी जाणवला. टायरची नक्षी जवळजवळ पुसली गेली होती. पुढच्या गावी नवा टायर घातला आणि त्याचे पैसे परत मिळवण्यास बरीच बोलाचाल करावी लागली. तेव्हा टायर, चेन आणि दुसऱ्या हेल्मेटचा पट्टा या तीन गोष्टी आपणच बघा. तेथे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे, आणि दुकानदार दुसरे हेल्मेट म्हणून बहुधा जुनेपुराणे काढून देतात. ते मापाचे नसेल तर आपले येथूनच न्यावे.

आणि ताई, गाडी आपल्याला येत असेल व परवाना असेल, तर किनाऱ्यालगतच्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर आपणही चालवा. मी तंगाल्लेच्या अलीकडे वीस किलोमीटर चालवली. माझ्या पतींनी मागे बसून पहिल्यांदाच विचारले की, तू रोज हे कसे सहन करत होतीस. त्यानंतर आमचे टप्पे आपोआप लहान झाले.

प्रश्न : नागपट्टणमहून श्रीलंकेला बोट सुरू झाली आहे. त्यावरून आपली स्वतःची मोटारसायकल नेता येईल का? आणि आपला वाहन परवाना तेथे चालतो का?

उत्तर : नागपट्टणम ते कंकेसंतुराई ही सेवा ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली, मध्ये खंडित झाली आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. ती केवळ प्रवाशांसाठी आहे, तिच्यावरून वाहन नेता येत नाही. साधारण चार तासांत ती जाफन्याजवळ पोहोचवते, त्यामुळे उत्तरेपासून प्रवास सुरू करणाऱ्यांनी बोटीने जाऊन जाफन्यात गाडी भाड्याने घ्यावी, हा स्वस्त मार्ग आहे. समुद्र खवळलेला असताना फेऱ्या रद्द होतात, म्हणून ईशान्य मोसमी पावसाच्या काळात परतीचे विमान तिच्यावर अवलंबून ठेवू नये.

परवान्याच्या बाबतीत कृपया हयगय करू नये. केवळ भारतीय परवाना तेथे पुरत नाही. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा, तो एक वर्षासाठी असतो. त्यात मोटारसायकलचा वर्ग नोंदलेला आहे ना, हे पाहावे. त्यानंतर कोलंबोतील ऑटोमोबाईल असोसिएशन ऑफ सिलोन या संस्थेकडून त्याला तेथील मान्यता घ्यावी लागते. ही दुसरी पायरी अनेक जण गाळतात, कारण गाडी देणारे दुकानदार तिच्याबद्दल बोलत नाहीत. पोलिसांचा दंड ही त्यातील लहान गोष्ट आहे. परवाना ग्राह्य नसेल तर अपघातानंतर प्रवासविमा दावा नाकारू शकतो, आणि काही विम्यांत दुचाकीचा समावेशच नसतो, त्यामुळे विम्याची कलमे पूर्ण वाचावीत. ठेव म्हणून पासपोर्ट मागितला तर देऊ नये. रोख ठेव आणि पासपोर्टची छायाप्रत यांवर बहुतेक दुकानदार तयार होतात.

वाहतूक आपल्याप्रमाणेच डावीकडून आहे. द्रुतगती मार्गांवर मोटारसायकलींना मनाई आहे, परंतु मोबाइलमधील नकाशा बऱ्याचदा गॉलकडे जाताना त्याच मार्गावर वळवतो, म्हणून द्रुतगती मार्ग टाळण्याची सूचना त्यात आधीच द्यावी. रस्ता विचारताना मराठी माणसाला एक सोय आहे. सिंहली ही आपल्या भाषाकुळातील असल्याने डावीकडे म्हणजे ‘वम’ आणि उजवीकडे म्हणजे ‘दकुण’, हे शब्द वाम आणि दक्षिण यांच्यावरून सहज लक्षात राहतात. उत्तरेत आणि पूर्वेत मात्र तमिळ बोलली जाते.

प्रश्न : हबरणा आणि कतरगामा भागात रस्त्यावर रानटी हत्ती येतात असे ऐकले. दुचाकीवर असताना ते समोर आले तर काय करावे?

उत्तर : ते खरोखरच येतात. 2011 च्या गणनेत श्रीलंकेत 5,879 रानटी हत्ती मोजले गेले होते, आणि एवढ्याशा बेटावर त्यांची जंगले व माणसांची शेते एकमेकांना खेटून आहेत. या संघर्षात दरवर्षी शंभराहून अधिक माणसे आणि त्याहून कितीतरी अधिक हत्ती प्राणास मुकतात. हबरणा-त्रिंकोमाली, हबरणा-पोलोन्नरुवा आणि बुत्तल-कतरगामा हे तीन रस्ते दुपारी चारनंतर आणि पहाटेच्या अंधारात दुचाकीने घेऊ नयेत. बुत्तल रस्त्यावर काही हत्ती वाहने अडवून खाऊ मागतात, कारण यात्रेकरूंनी त्यांना तशी सवय लावली आहे. आपण फळे गाडीला लटकवून जाणे म्हणजे त्यांना बोलावणेच होय.

हत्ती दिसताच निदान शंभर मीटर अलीकडे थांबावे, इंजिन चालू ठेवावे, हॉर्न वाजवू नये आणि बस किंवा ट्रक येण्याची वाट पाहावी. मोठ्या वाहनाच्या आडोशाने, हत्तीच्या विरुद्ध बाजूने पुढे जाता येते. पिल्लू रस्त्याच्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल तर कितीही वेळ लागला तरी थांबावे. आम्ही हबरणाजवळ चाळीस मिनिटे थांबलो, आणि तो वेळ वाया गेला असे क्षणभरही वाटले नाही.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. स्वस्तात जेवण मिळेल का?

उत्तर : उत्तम मिळेल. ‘हॉटेल’ अशी पाटी असलेली जागा तेथे बहुधा खाणावळ असते. भाताला सिंहलीत ‘बत’ म्हणतात, त्याच्यासोबत वरणासारखे परिप्पू, दोन-तीन भाज्या आणि ओल्या नारळाची तिखट चटणी वाढतात. त्या चटणीत बहुधा सुक्या माशांचा चुरा असतो, म्हणून ती घेण्यापूर्वी विचारावे. जाफन्यात आणि तमिळ वस्तीत ‘सैव’ पाटीची भोजनालये असतात, तेथे हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : माझे वय 58, पत्नीचे 54. दोघेही नियमित चालतो, पण मला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. या वयात असा प्रवास करावा का? नुवारा एलियापर्यंत स्कूटरवरून जाता येईल का?

उत्तर : वय आड येत नाही, गोळ्यांचा मात्र विचार करावा लागेल. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकतात, तर काही हृदयाची गती मर्यादित ठेवतात. उष्ण, दमट हवेत या दोन्ही प्रकारांमुळे शरीराची उष्णता सहन करण्याची क्षमता घटू शकते. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना गोळ्यांची नावे, प्रवासाचे दिवस आणि रोज उन्हात राहण्याचे तास सांगून सल्ला घ्यावा. मिठाचे पाणी आणि क्षारसंजीवनी किती घ्यावी हेही त्यांनाच विचारावे, आणि स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. नव्या हवामानाशी शरीर जुळण्यास एक ते दोन आठवडे लागतात, तेव्हा पहिले चार दिवस नेगोंबो किंवा कोलंबो परिसरातच राहून सकाळी तास-दोन तास गाडी चालवावी.

नुवारा एलिया सुमारे 1,868 मीटर उंचीवर आहे आणि तेथे एप्रिलच्या दुपारीही अंगात स्वेटर लागू शकतो. कँडीहून रंबोडामार्गे जाणारा चढ 110 सीसीच्या स्कूटरवर दोघांनी, सामानासह चढणे कष्टाचे आहे. खरा धोका मात्र उतरताना असतो. एल्लाहून वेल्लवायकडे रस्ता तीसएक किलोमीटरच्या आत हजार मीटरच्या उंचीवरून सपाटीला येतो, आणि गिअरच्या मोटारसायकलीला खालच्या गिअरमध्ये इंजिनचा जो आधार मिळतो, तो स्कूटरला फारच थोडा मिळतो. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. आपण गिअरची 125 ते 150 सीसीची गाडी घ्यावी, नाहीतर गाडी कँडीतच ठेवून पुढचा डोंगराळ भाग रेल्वेने पाहावा. आम्ही गेलो तेव्हा कँडीहून बदुल्लाकडे जाणारी गाडी नानुओया स्थानकावर थांबत असे, आणि तेथून नुवारा एलिया जवळच आहे. दित्वा चक्रीवादळानंतर ती चालू आहे ना, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

शेवटी एक क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये आणि एका कागदावर लिहून हेल्मेटच्या आत ठेवावा : 1990. ही श्रीलंकेची मोफत रुग्णवाहिका सेवा आहे, ती ‘सुवसेरिया’ या नावाने ओळखली जाते आणि 2016 मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली. आपल्यापैकी कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग भाजल्यासारखे गरम झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायला सुरुवात करावी आणि दुसऱ्या हाताने हा क्रमांक फिरवावा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. गोळ्यांची यादीही त्याच कागदावर इंग्रजीत लिहिलेली असावी, आणि तो कागद कोठे आहे हे पत्नीलाही ठाऊक असावे.